गृहशिक्षणातील पाठ्यसाधनांची निवड: एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र

महाराष्ट्रातील प्राथमिक शिक्षणाचा इतिहास बहुधा शाळांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. शाळा केव्हा निघाली, तिला अनुदान कोणी दिले, पटावर किती मुले होती, या गोष्टींची नोंद सरकारी दप्तरांत राहते. घराच्या ओसरीवर किंवा माजघरात वडीलधाऱ्यांनी मुलाला काय शिकविले याची नोंद सहसा राहत नाही. नोंद नसली म्हणजे ती गोष्टच नव्हती असे अनुमान मात्र चुकीचे ठरेल. घरी शिकणाऱ्या लहान मुलाच्या हाती कोणते साधन द्यावयाचे हा प्रश्न शाळांच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक सुशिक्षित कुटुंबापुढे उभा होता, आणि त्याच्या उत्तरात त्या मुलाचे पुढील आयुष्य बरेचसे ठरून जात होते.

गृहशिक्षणाचा प्रसार किती मोठा होता याचा अंदाज महाराष्ट्राबाहेरील दोन पाहण्यांवरून करता येतो. मद्रास इलाख्याचा गव्हर्नर टॉमस मन्रो याने शिक्षणाची माहिती मागविली, तेव्हा खुद्द मद्रास शहराच्या विभागातून घरी शिकणाऱ्या मुलांची संख्या सुमारे २७ हजार कळविण्यात आली. शाळांत जाणाऱ्या मुलांपेक्षा ती कितीतरी अधिक होती. १८२६ च्या आपल्या टिपणीत मन्रोने या आकड्यात काही चूक असावी अशी शंका घेतली. परंतु बापाकडून वा आप्ताकडून घरीच शिकणाऱ्यांना हिशेबात धरल्यावाचून देशातील शिक्षणाचे माप निघणार नाही, हे त्याने मान्य केले. पुढे दहा वर्षांच्या आत बंगालमध्ये विल्यम ॲडम याने राजशाही जिल्ह्यातील नाटोर ठाण्याची पाहणी केली. तेथे प्राथमिक शाळांत २६२ मुले आढळली, तर १,५८८ कुटुंबांत मिळून २,३८२ मुले घरी शिकत होती. शाळा ही त्या काळी शिक्षणाची मुख्य वाट नसून अनेक वाटांपैकी एक होती, असाच या आकड्यांचा अर्थ आहे.

महाराष्ट्रापुरते पाहता असे आकडे हाताशी नसले तरी भाषेने राखून ठेवलेला पुरावा पुष्कळ आहे. एखाद्या कामाचा ‘ओनामा’ होतो, थोरांचा ‘कित्ता’ गिरविला जातो, जुन्या ज्ञानाची ‘उजळणी’ होते, तक्रारींचा ‘पाढा’ वाचला जातो, आणि आरंभीच्या शिक्षणाला ‘धुळाक्षरे’ म्हणतात. हे सारे शब्द मुळात लहान मुलाच्या पाठ्यसाधनांचे आहेत. ‘ॐ नमः सिद्धम्’ या मंगलवचनाने अक्षरलेखनाला आरंभ होई, त्याचा ओनामा झाला. लाकडी पाटीवर धूळ पसरून बोटाने किंवा काडीने अक्षर काढावयाचे, पुसावयाचे आणि पुन्हा काढावयाचे, हे लेखनाचे पहिले साधन. त्यानंतर बोरू आणि दौत. वळणदार अक्षराचा नमुना म्हणून वडिलांनी किंवा पंतोजींनी लिहून दिलेला कित्ता. सायंकाळी दिवा लागल्यावर पाढे, तिथी, वार, नक्षत्रे आणि स्तोत्रे मोठ्याने म्हणावयाची, तो परवचा. परवच्याला ना पुस्तक लागे, ना शाळा. तो घराचाच नित्यपाठ होता.

या साधनांची निवड यदृच्छेने होत नसे. अंकगणिताचा भाग पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेतले जात. औटकी म्हणजे साडेतिनांचा पाढा. आजच्या वाचकास हा स्मरणशक्तीवरील निरर्थक भार वाटण्याचा संभव आहे. पण रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, मणाचे चाळीस शेर, आणि शेराखाली अच्छेर, पावशेर, नवटाक अशी मापे ज्या बाजारात चालत होती, तेथे पाव, अर्धा आणि पाऊण यांचा तोंडी हिशेब करता येणे हीच खरी साक्षरता होती. लिपीचेही तसेच. पोथी वाचण्यासाठी बाळबोध आणि दफ्तर लिहिण्यासाठी मोडी अशी वाटणी होती. कारकुनी ज्याच्या नशिबी असेल त्याच्या हाती मोडीचा कित्ता पडे. वैदिकाच्या मुलाला संथा, रूपावली, समासचक्र आणि अमरकोश मिळे. सावकाराच्या किंवा वाण्याच्या मुलाला हिशेब मिळे. मूल ज्या आयुष्यात शिरणार, त्या आयुष्याला लागणारे साधन घर निवडीत होते.

ही पद्धती नेमकी होती, तितकीच ती बंदिस्तही होती. ज्याचे आयुष्य आधीच ठरलेले असते, त्यालाच असे नेमके साधन देता येते. शेतकऱ्याच्या आणि अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी या परंपरेने बहुतांशी काहीच निवडले नव्हते. आणि मुलींसाठी जे निवडले होते त्यात ओव्या, व्रतांच्या कहाण्या आणि श्रवणाने पाठ होणारी स्तोत्रे यांचाच भरणा होता. अक्षर त्यात क्वचितच येई.

छापील पुस्तकाच्या आगमनाने या व्यवस्थेत पहिला मोठा बदल घडला. १८२२ मध्ये मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना मुंबईत शाळा व शालापुस्तके यांसाठी संस्था स्थापन झाली. १८२७ पासून ती बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेच्या कामात सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा वाटा मोठा होता. त्यांची ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके १८२८ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘बाळमित्रा’चे मूळ फ्रेंच लेखक बेर्कँ याच्या बालकथांत आहे. त्या कथा मूळच्या कौटुंबिक वाचनासाठी, म्हणजे आईबाप आणि मुले यांनी एकत्र वाचाव्यात म्हणून लिहिल्या गेल्या होत्या. फ्रान्समधील घरासाठी निर्माण झालेले साधन इंग्रजीच्या द्वारे मुंबईच्या शालापुस्तकांत दाखल झाले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या पुस्तकांनी लहान मुलाला प्रथमच असे मराठी गद्य दिले, की जे दप्तराचे नव्हते, पोथीचे नव्हते, आणि एखाद्या जातीच्या व्यवसायाशीही बांधलेले नव्हते. कोल्हा आणि द्राक्षे यांची गोष्ट कुळकर्ण्याच्या मुलाने वाचली काय किंवा माळ्याच्या मुलाने वाचली काय, तिचा अर्थ एकच. छपाईने बाळबोध लिपीला प्राधान्य दिल्यामुळे वाचनाची लिपी आणि व्यवहाराची लिपी यांतील अंतर मात्र वाढले. १८५५ मध्ये सरकारी शिक्षणखाते अस्तित्वात आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत मेजर टॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तके तयार झाली. पहिले पुस्तक, दुसरे पुस्तक, तिसरे पुस्तक, हा क्रम इतका रूढ झाला की मूल किती शिकले हे सांगताना लोक पुस्तकाचा क्रमांक सांगू लागले. निवडीचा अधिकार घराकडून खात्याकडे गेला.

मुलग्यांच्या बाबतीत हे स्थित्यंतर लवकर झाले. मुलींच्या बाबतीत घर हेच पुढे कितीतरी वर्षे शिक्षणाचे स्थान राहिले. शिकलेल्या मुलीला वैधव्य येते हा समज ॲडमने बंगालमध्ये नोंदविला आहे, आणि तो महाराष्ट्रालाही अपरिचित नव्हता. त्याच अहवालात ॲडम सांगतो की, जमीनदार आपल्या मुलींना गुपचूप लिहावयास व हिशेब करावयास शिकवीत. कारण तीच मुलगी उद्या विधवा झाली तर मालमत्तेचा कारभार तिलाच पाहावा लागे. ज्या संकटाच्या भयाने विद्या नाकारावयाची, त्याच संकटासाठी ती द्यावयाची, असा हा विरोध होता.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणांत घराने केलेल्या निवडीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा दोन्ही दिसतात. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले होते, आणि त्याबद्दल त्यांना शास्त्रीमंडळींसमोर आपल्या कृतीचे समर्थन करावे लागले होते. लक्ष्मीबाईंनी रमाबाईंना आठव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत शिकविले. हे शिक्षण तीर्थयात्रेच्या वाटेवर, शाळेवाचून आणि बहुतांशी मुखपाठाने झाले. भागवत हे त्यातील प्रमुख साधन होते. १८७४ मध्ये दुष्काळात आईबाप गेल्यानंतर याच मुखोद्गत विद्येच्या बळावर रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्या आणि तेथे ‘पंडिता’ म्हणून मान्यता पावल्या. परंतु वडिलांनी निवडलेल्या विद्येला एक कुंपण होते. स्त्रियांना अधिकार नाही म्हणून वेद त्यांना शिकविले गेले नव्हते. कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती दिली, तेव्हा ती वाचावी की नाही असा संकोच त्यांच्या मनात उत्पन्न झाला. पुराणांची सहस्रावधी वचने मुखात असलेल्या विदुषीला एक ग्रंथ उघडण्यास धीर करावा लागला. घराने काय दिले इतकेच नव्हे, तर काय दिले नाही, हेही मुलाच्या मनात किती खोल रुजते याचे हे उदाहरण आहे.

दुसरे उदाहरण रमाबाई रानडे यांचे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी विवाह होऊन त्या आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी स्वतः त्यांना शिकविण्यास आरंभ केला. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या ग्रंथात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष आणि टोमणे यांचे वर्णन आहे. विशेष कटुता उत्पन्न झाली ती इंग्रजीमुळे. पोथी वाचण्यापुरते मराठी घराला सोसण्यासारखे होते. इंग्रजी पुस्तक सोसण्यासारखे नव्हते. म्हणजे वाद केवळ शिकण्याचा नव्हता. कोणते पुस्तक हाती आहे, आणि ते पुस्तक वाचणाऱ्या स्त्रीला घराच्या कोणत्या दारातून बाहेर नेणार आहे, असा तो वाद होता.

निवडीचा हाच प्रश्न १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जाहीरपणे मांडला गेला. जोतीराव फुले यांनी आपल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणासाठी मोडी व बाळबोध या दोन्ही लिपींचे लेखनवाचन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे प्राथमिक ज्ञान, शेतीची मूलतत्त्वे, आणि नीती व आरोग्य यांवरील काही पाठ असावेत असे सुचविले. खात्याची मराठी पुस्तके व्यवहारोपयोगी नाहीत, म्हणून त्यांची पुनर्रचना व्हावी असेही त्यांनी म्हटले. जुन्या गृहशिक्षणातील व्यवहाराची दृष्टी त्यांनी टाकून दिली नाही; मोडी आणि हिशेब ही कुळकर्णी व सावकार यांच्या घरातील साधने शेतकऱ्याच्या मुलाच्याही हाती यावीत, ही त्यांची मागणी होती. जो कागद आपल्याला वाचता येत नाही त्यावर अंगठा उठविणाऱ्यास मोडीची गरज इसापच्या गोष्टीहून अधिक होती, हे त्यामागील मर्म. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाईंनीही साक्ष दिली आणि स्त्रीशिक्षिका व स्त्री-निरीक्षक यांची निकड सांगितली.

पुढे या साधनांचे काय झाले हे थोडक्यात सांगता येईल. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले, आणि परीक्षेशी संबंध नसलेले वाचन मुलांच्या घरी नियमाने येऊ लागले. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चालू झाली, त्यानंतर मेट्रिक वजनमापे आली, आणि पावकी-दिडकीचा व्यावहारिक आधार गेला. विसाव्या शतकात मोडीही मागे पडली. परवच्यापैकी काही घरांत स्तोत्रे तेवढी उरली.

एकोणिसाव्या शतकातील या इतिहासावरून एवढे निश्चित म्हणता येते की, लहान मुलाच्या हाती दिलेले साधन कधीही केवळ साधन नसते. जुन्या घराने ते मुलाच्या ठरलेल्या आयुष्याकडे पाहून निवडले, म्हणून ते उपयुक्त ठरले आणि संकुचितही ठरले. खात्याने ते सर्वांसाठी एकच निवडले, म्हणून ते उदार ठरले आणि अनेकांच्या जीवनापासून दूरही राहिले. फुल्यांच्या निवेदनाचे महत्त्व यात आहे की, उपयुक्तता आणि समता यांपैकी एकीचा त्याग करावा लागतो हे त्यांनी मानले नाही. मुलाला काय शिकवावे हे ठरविणाऱ्याने ते मूल पुढे कोठवर जाऊ शकेल याचीही सीमा आखलेली असते, आणि ती आखताना आपण काय वगळले याचा हिशेब त्याने स्वतःशी ठेवणे अगत्याचे आहे.