मोत्याचा भात कोणी बंद केला? कॅन्सरमधून उठणाऱ्या कुत्र्याच्या आहाराची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात चिखल्याहून एक गृहस्थ रक्तदाब तपासायला आले. मँगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले, माझे जुने पेशंट. प्रेशर मोजून झाले, गोळ्या लिहून झाल्या, तरी ते उठेनात. शेवटी म्हणाले, "डॉक्टर साहेब, एक विचारू का? माझ्यासाठी नाही जी, कुत्र्यासाठी."

त्यांच्या मोत्याच्या लघवीच्या जागी फुलकोबीसारखी गाठ आली होती आणि तिच्यातून रक्त टपकत होते. तुमसरच्या जनावरांच्या डॉक्टरांनी कॅन्सरची गाठ सांगून आठवड्याला एक अशी शिरेतून इंजेक्शने सुरू केली. तीन इंजेक्शनांत गाठ निम्म्याहून लहान झाली. सगळे छान चालले असताना कुणा नातेवाइकाने मोबाईलवर एक मेसेज पाठवला. साखर हे कॅन्सरचे अन्न, भात म्हणजे साखरच, म्हणून भात-पोळी बंद करा, कच्चे मटण, लसूण आणि हळद द्या, असा त्याचा मथितार्थ. घरच्यांनी मायेपोटी तसेच केले. मोत्याला जुलाब लागले, लसूण घातलेल्या मटणाला तो तोंड लावेना आणि 15 किलोचा कुत्रा 12 किलोवर आला. आता चौथे इंजेक्शन द्यायला डॉक्टर तयार नव्हते. आधी याला खाऊ घाला, असे ते म्हणत होते.

मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याच्या आहारावर मी परस्पर सल्ला देणे बरोबर नाही. म्हणून त्यांच्यासमोरच मोत्याच्या डॉक्टरांना फोन लावला. काय ठरले ते शेवटी सांगतो. पण त्या रात्री मी या विषयावर वाचायला बसलो आणि लक्षात आले की हा मेसेज कालपरवाचा नाही. त्याचे मूळ जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीचे आहे आणि वाटेत त्याचा अर्थ बराच बदलला आहे.

आधी मोत्याच्या गाठीविषयी. आपल्याकडच्या गावठी, मोकाट कुत्र्यांत ही गाठ नेहमी दिसते. ती संबंधातून, चाटण्या-हुंगण्यातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाते. यात जंतू पसरत नाही, खुद्द कॅन्सरची पेशीच एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जाऊन रुजते. माणसाला ती होत नाही, तेव्हा घाबरू नका. रशियातील पशुवैद्य म्स्तिस्लाव्ह नोविन्स्की यांनी 1876 मध्ये ही गाठ एका कुत्र्यातून काढून दुसऱ्यात वाढवून दाखवली. एका प्राण्याचा कॅन्सर दुसऱ्या प्राण्यात रुजवण्याचा तो पहिला यशस्वी प्रयोग मानतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार जगभरातल्या या सगळ्या गाठी आशियातल्या एकाच कुत्र्याच्या शरीरात, 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी सुरू झालेल्या एका कॅन्सरच्या वंशज आहेत. तो कुत्रा कधीच गेला. त्याच्या पेशी मात्र चिखल्यापर्यंत पोचल्या!

या गाठीवरचे औषध तुमच्या अंगणात फुलते. व्हिन्क्रिस्टीन हे इंजेक्शन सदाफुलीतून मिळाले आहे. त्याची कथाही आहाराच्या अंगानेच जाते. जमैकात सदाफुलीच्या पानांचा काढा मधुमेहावर पीत असत. 1952 मध्ये ती पाने कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे आली आणि त्यांनी ती आपले भाऊ रॉबर्ट यांच्याकडे सोपवली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी प्राण्यांवर प्रयोग केले. रक्तातली साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. यातूनच आधी व्हिन्ब्लास्टीन आणि पुढे व्हिन्क्रिस्टीन हाती लागले. 1963 मध्ये व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत मान्यता मिळाली. आजही माझ्याकडे शुगर कमी व्हावी म्हणून रोज सकाळी सदाफुलीची पाने चावणारे पेशंट येतात. कृपा करून हे करू नका आणि कुत्र्यालाही पाने खाऊ घालू नका. त्या पानात विषारी द्रव्ये आहेत. त्यांतली कामाची वेगळी काढून, मोजून शिरेत दिली तर ती औषध होतात.

या गाठीवर व्हिन्क्रिस्टीन उत्तम चालते. साधारण चार ते सहा, कधी थोडी जास्त इंजेक्शने लागतात आणि बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. म्हणजे मोत्या बरा होण्याच्या मार्गावर होता. त्याची वाट अडवली ती उपासमारीने.

आता त्या मेसेजकडे वळू. जर्मनीतील शास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ग यांना 1920 च्या दशकात दिसले की कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज फार खातात आणि प्राणवायू हजर असतानाही ते आंबवल्यासारखे अर्धवट जाळतात. निरीक्षण पक्के होते, आजच्या पेट स्कॅनमागे तेच तत्त्व आहे. वॉरबुर्गना 1931 मध्ये नोबेल मिळाले, ते मात्र पेशींच्या श्वसनातील विकरावरच्या कामासाठी. पेशी साखर जास्त खाते, एवढेच त्यांनी दाखवले होते. त्यावरून "खाण्यातली साखर बंद केली की गाठ उपाशी मरते" ही उडी लोकांनी मारली. तुम्ही भात सोडलात तरी यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करतेच, आणि पुरेसे अन्न पोटात नसेल तर ती प्रथिने स्वतःच्या मांड्या-दंडातून काढते. गाठीला तिचा वाटा मिळत राहतो. झिजतो तो पेशंट.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरची एक बाई माझ्याकडे येत असे. तिने विचारले, गोड खाऊ का? मी घाईत म्हणालो, गोड जरा कमीच करा. तिने घरी जाऊन भात, पोळी, केळी, दूध सगळेच सोडले. पुढच्या केमोला तिचे वजन इतके उतरले होते की डोस लांबवावा लागला. ती नंतर सावरली, पण ते माझे एक वाक्य मला अजून टोचते. मोत्याची कथा ऐकताना मला तीच आठवत होती.

कुत्र्यांमध्ये हा विचार शास्त्रीय रूपात आला तो 1990 च्या सुमारास. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातील ग्रेगरी ओगिल्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिम्फोमा झालेल्या कुत्र्यांच्या रक्तात लॅक्टेट आणि इन्सुलिन वाढलेले पाहिले. त्यावरून पिष्ट कमी, मेद जास्त आणि मासळीचे तेल, असा आहार पुढे आला. तशा आहाराचे डबेही बाजारात आले. 2000 साली त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. लिम्फोमाची 32 कुत्री, सगळ्यांना केमो, एका गटाच्या अन्नात मासळीचे तेल आणि आर्जिनिन, दुसऱ्याच्या अन्नात सोयाबीन तेल. ज्यांच्या रक्तात मासळीतले मेद जास्त चढले त्यांच्यापैकी आजाराच्या तिसऱ्या टप्प्यातली कुत्री जास्त काळ ठीक राहिली. निष्कर्ष आशादायक आहे. पण नीट पाहा, दोन्ही गटांचे मूळ अन्न सारखेच होते. भाताची किंवा पिष्टाची परीक्षा त्यात झालीच नाही! शिवाय तो लिम्फोमा होता, मोत्याची गाठ नव्हे. मेसेजपर्यंत येता येता हे सगळे गळून गेले आणि "भात बंद" तेवढे उरले.

"पण कुत्रा म्हणजे लांडगाच ना, त्याला मांसच हवे," असे कोणी म्हणेल. लांडगा माणसाजवळ राहायला आला, उरलेसुरले खाऊ लागला आणि त्याचे पोट बदलले. 2013 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवले की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात 4 ते 30. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुत्रा भाकर-ताकावर आणि या धानाच्या पट्ट्यात भातावर जगला, तो उगीच नाही. शिजवलेला भात कुत्र्याला छान पचतो.

याचा अर्थ नुसता भात पुरेसा आहे असा नाही. कुत्र्यासाठी खास अन्न विकण्याची सुरुवात लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने 1860 च्या सुमारास गहू, भाज्या आणि मांस घातलेल्या बिस्किटांनी केली. तो धंदा होता. आजारी कुत्र्यासाठी विचार करून अन्न बनवण्याची गोष्ट मला जास्त आवडते. 1939 मध्ये मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांची वाट दाखवणारी बडी नावाची कुत्री मूत्रपिंडाच्या विकाराने खंगली होती. पशुवैद्य मार्क मॉरिस यांनी तिच्यासाठी कमी पण चांगल्या प्रथिनांचे अन्न घरच्या स्वयंपाकघरात शिजवून बरण्यांत भरले. बडी सुधारली. 1948 पासून ते अन्न कारखान्यात बनू लागले. मॉरिस यांनी आधी आजार पाहिला, मग कुत्री पाहिली आणि त्यानंतर अन्न ठरवले. आपल्या मेसेजमध्ये क्रम उलटा असतो.

घरचे शिजवलेले चांगलेच, पण त्यातही एक खोच आहे. 2012 च्या एका अमेरिकन अभ्यासात कॅन्सर झालेल्या कुत्र्यांसाठी सुचवलेल्या 27 घरगुती पाककृती तपासल्या. सर्व आवश्यक घटक पुरवणारी त्यात एकही निघाली नाही. सगळ्यात ठळक उणीव आपल्या घरी असते ती कॅल्शियमची. मांस-भातात ते जवळपास नसतेच.

आता फोनवर काय ठरले ते. 15 किलोच्या कुत्र्याला नुसते पडून राहायला रोज 530 कॅलरींच्या आसपास लागतात, हिंडत्या-फिरत्याला साधारण 750 ते 850. मोत्याला तिथवर आणायचे, पण हळूहळू, चार-पाच दिवसांत. दिवसभरात मऊ शिजवलेला भात पाव किलो, हाडे काढून उकडलेले चिकन पाव किलो, चमचाभर तेल, कधी चिकनऐवजी उकडलेली अंडी. हे तीन-चार वेळा थोडे थोडे, कोमट करून, कारण कोमट अन्नाचा वास सुटतो आणि मळमळणारे कुत्रेही तोंड लावते. मीठ-तिखट नाही. कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांची पावडर डॉक्टर मोजून देणार. किडनी किंवा स्वादुपिंडाचा त्रास असलेल्या कुत्र्याला हे ताट चालणार नाही, म्हणून कृपया जसेच्या तसे उचलू नका.

लसूण आणि कांदा पूर्ण बंद. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि केमोत आधीच रक्त कमी असते. द्राक्षे, मनुका, चॉकलेटही नाही. कच्चे मटण बंद, कारण इंजेक्शननंतर पांढऱ्या पेशी उतरतात आणि कच्च्या मांसातले जंतू तेव्हाच डाव साधतात. शिजलेली हाडे तर कधीच नाही, ती सुरीसारखी फुटतात. हळद चिमूटभर असली तर असू द्या, तिच्यावर भरवसा मात्र ठेवू नका.

गृहस्थांनी विचारले, "मग आमचं जवसाचं तेल चालेल का? तब्येतीला चांगलं म्हणतात." चमचाभर घातल्याने बिघडत नाही, पण जवसातल्या मेदापासून मासळीतले मेद बनवणे कुत्र्याच्या शरीराला फारसे जमत नाही. मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल द्यायच्या तर डोस जनावरांच्या डॉक्टरांकडूनच घ्या, जास्त झाल्यास जुलाब होतात आणि रक्त गोठायला वेळ लागतो.

आणखी एक, जे बहुतेकांना कोणी सांगत नाही. इंजेक्शननंतरचे दोन-तीन दिवस कुत्र्याची लघवी, शी आणि ओकारी हातमोजे घालूनच साफ करा. औषधाचा अंश त्यात उतरतो. घरात गरोदर सून असेल तर हे काम तिच्याकडे देऊ नका. आणि दर आठवड्याला कुत्र्याचे वजन करा. त्यासाठी वेगळा काटा लागत नाही. कुत्र्याला उचलून स्वतः काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा.

गृहस्थ घरी गेले आणि त्यांनी त्याच संध्याकाळी भात लावला. नऊ दिवसांनी त्यांचा फोन आला. मोत्या 13 किलो भरला होता आणि चौथे इंजेक्शन झाले होते. स्वतःच्या प्रेशरची गोळी मात्र दोन दिवस विसरली होती.