पात्रांभोवती उभी राहिलेली मोहीम

मेजाभोवती बसून फासे, कागद आणि संभाषण यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांत प्रत्येक खेळाडू एका कल्पित पात्राची भूमिका घेतो, तर ‘गेम मास्टर’ म्हणून ओळखला जाणारा सूत्रधार त्या पात्रांसमोर जग, प्रसंग आणि प्रतिपक्ष उभे करतो. अनेक बैठकांतून महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालणाऱ्या अशा सलग खेळाला ‘कॅम्पेन’, म्हणजे मोहीम, असे म्हणतात. मोहिमेची कथा आधी रचून तीत पात्रे बसवावीत, की पात्रांचे पूर्वायुष्य, नाती आणि आकांक्षा पाहून तिची आखणी करावी, हा या क्षेत्रातील जुना वाद आहे. दुसरी रीत ही अलीकडची सुधारणा आहे असा अनेकांचा समज असला, तरी खेळाचा इतिहास तपासला असता तीच मूळची ठरते. छापील साहसांच्या व्यापारामुळे ती काही काळ मागे पडली आणि पुढे लिखित नियमांच्या रूपाने परत आली.

प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून रुजलेल्या ‘क्रीग्सश्पील’ या युद्धखेळात दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून त्यांचा परिणाम ठरवणारा पंच असे. पंचाच्या अधिकाराची हीच कल्पना अमेरिकेत चार्ल्स टॉटन या लष्करी अधिकाऱ्याच्या ‘स्ट्रॅटेगॉस’ या १८८० च्या ग्रंथातून मांडली गेली आणि त्या ग्रंथाचा आधार घेऊन मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस व सेंट पॉल या जोडशहरांत डेव्हिड वेस्ली याने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ‘ब्राउनश्टाइन’ हा खेळ रचला. नेपोलियनकालीन काल्पनिक जर्मन गावात घडणाऱ्या या खेळात त्याने सेनापतींबरोबरच नगराध्यक्ष आणि बँकर अशा नागरी भूमिकाही वाटल्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र उद्दिष्ट नेमून दिले. ठरलेली लढाई बाजूला राहून खेळाडू परस्परांशी गुप्त मसलती करू लागले, तेव्हा प्रयोग फसला असे वेस्लीला वाटले. खेळाडूंनी मात्र तसाच खेळ पुन्हा मांडण्याचा आग्रह धरला.

वेस्लीच्याच खेळमंडळातील डेव्ह आर्नेसन याने १९७१ मध्ये ‘ब्लॅकमूर’ ही मोहीम सुरू केली. एकाच पात्राने बैठकीमागून बैठक टिकून राहावे, अनुभवाने वाढावे आणि त्याच्या कृत्यांनी जग बदलावे, ही पद्धत तिच्यात स्थिरावली. एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच बनून इतरांना भारी पडू लागले, तेव्हा त्याला तोंड देण्यासाठी धर्मगुरूचे पात्र पुढे आले; नंतरच्या नियमांतील ‘क्लेरिक’ या पात्रवर्गाचा उगम याच प्रसंगात सांगितला जातो. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स याने ब्लॅकमूरचा अनुभव घेतल्यावर ‘ग्रेहॉक’ ही स्वतःची मोहीम मांडली, आणि दोघांच्या सहकार्यातून १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित झाला. गायगॅक्सच्या मुलाच्या ‘टेन्सर’ या पात्राचे नाव तर पुढे नियमपुस्तकातील एका मंत्रालाच मिळाले. या टप्प्यावर जग आणि पात्रे एकमेकांतून घडत होती, कारण सूत्रधार आणि खेळाडू एकमेकांना ओळखत होते.

पहिल्या आवृत्तीच्या १,००० प्रती संपून खेळ अनोळखी गावांत पोहोचला, तसा या परिचयाचा आधार सुटला. संमेलनांतील स्पर्धांत सर्व संघांची तुलना व्हावी म्हणून प्रत्येकाला तेच भुयार आणि तेच सापळे देणे भाग होते. ‘ओरिजिन्स’ या संमेलनासाठी १९७५ मध्ये तयार झालेले आणि १९७८ मध्ये छापले गेलेले ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस याच घडणीचे असून त्यात पात्र कोण आहे यापेक्षा खेळाडू किती सावध आहे याला महत्त्व होते. ‘मॉड्यूल’ म्हटल्या जाणाऱ्या अशा छापील साहसांना ग्राहक मिळाल्यावर कोणत्याही पात्रांना चालेल अशी रचना हाच बाजाराचा दंडक बनला. १९८४ पासूनच्या ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत पात्रांना महत्त्व परत मिळाले खरे, पण ती पात्रे प्रकाशकाने घडवलेली होती, आणि कथेला आवश्यक व्यक्ती अकाली मरू नयेत म्हणून त्यांचे मृत्यू संदिग्ध ठेवण्याची सूचनाही त्यात होती.

याच काळात दुसरा प्रवाह वाढत होता. ‘ट्रॅव्हलर’ (१९७७) या अंतराळविषयक खेळात पात्राची सेवाकाळाची वर्षे फाशांनी ठरत, त्यामुळे खेळ सुरू होण्यापूर्वीच त्याला भूतकाळ लाभे. क्वचित पात्र त्या भूतकाळातच मरणही पावे. ‘चॅम्पियन्स’ (१९८१) मध्ये खेळाडूने पाठलाग करणारा शत्रू किंवा अवलंबून असलेला आप्त पत्करला, की त्याला शक्ती विकत घेण्यासाठी जादा गुण मिळत, आणि तो शत्रू वा आप्त कथेत आणण्याची जबाबदारी सूत्रधारावर येई. ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’ (१९८५) मध्ये निष्ठा, प्रेम आणि द्वेष यांना आकडे दिले गेले आणि मोहीम पिढ्यान्‌पिढ्या चालेल अशी व्यवस्था करण्यात आली.

एकविसाव्या शतकात या तरतुदी रचनेच्या केंद्रस्थानी आल्या. रॉन एडवर्ड्सच्या ‘सॉर्सरर’मध्ये पात्राचे आयुष्य ढवळून काढणारी ताजी घटना खेळाडूनेच लिहायची आणि सूत्रधाराने तिथूनच आरंभ करायचा असा नियम होता, ‘बर्निंग व्हील’ (२००२) मध्ये पात्राच्या लिखित श्रद्धा हे सूत्रधाराने आव्हान देण्याचे लक्ष्य आणि बक्षिसाचे निमित्त ठरले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीनेही आदर्श, बंध आणि दोष यांच्या नोंदी पात्रपत्रिकेवर आणल्या, मात्र मोठ्या छापील मोहिमांची विक्री त्याबरोबरच चालू राहिली.

यावरून एक फरक स्पष्ट होतो. ब्लॅकमूरमध्ये जे परिचयामुळे आपोआप घडत होते, ते अनोळखी लोकांत घडवण्यासाठी नियमांना खेळाडूकडून माहिती मागून घ्यावी लागली. ज्या पात्रांना प्रकाशकाने पाहिलेलेच नाही त्यांच्यासाठी तो मोहीम छापू शकत नाही. परंतु त्या पात्रांना कोण हवे आहे, कोणाचे भय आहे आणि ती कशासाठी काय गमावतील, हे प्रश्न तो छापू शकतो, आणि पात्रकेंद्री रचनेचा पुढचा विकास मुख्यतः हेच प्रश्न अधिक नेमके विचारण्यातून झाला आहे.