दरिब्याची जिलबी आणि पोटातली बुरशी

दिल्लीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते तेव्हा बुरशी आणि जिवाणू एकत्र कसे नांदतात हा भाग आला, की मी दरिब्याच्या जिलबीवर यायचेच. चांदनी चौकातून दरिबा कलानकडे वळताना कोपऱ्यावर जे दुकान लागतं ते 1884 सालचं. जिलबी जाडजूड, साजूक तुपातली. पुण्याकडच्या माणसाला अंमळ बोजडच वाटते.

कृती मात्र दुकानापेक्षा कितीतरी जुनी. भांडारकर संस्थेतल्या प. कृ. गोडे यांनी 1943 साली जिलबीचा माग पंधराव्या शतकातल्या एका जैन कथेपर्यंत नेला. माझ्या उपयोगाचा भावमिश्र, सोळाव्या शतकातला वैद्य. 'भावप्रकाशा'त तो जिलबीला कुंडलिनी म्हणतो. कोरं मडकं आणा, आतून आंबट दही चोपडा, त्यात मैदा, मैद्याच्या निम्मं आंबट दही आणि थोडं तूप कालवा, मग आंबेपर्यंत उन्हात ठेवा. पीठ घालायच्या आधी मडक्यालाच विरजण लावायचं, ही युक्ती मला फार आवडते. दह्यातले जिवाणू आम्ल तयार करतात, त्यामुळे नासवणारे जंतू वाढत नाहीत. यीस्टला मात्र ते आम्ल मानवतं. यीस्ट म्हणजे बुरशीच. ती वायू सोडून पीठ फुगवते आणि जिवाणूंना जीवनसत्त्वं, अमिनो आम्लं पुरवते. दिल्लीचा हलवाई या साऱ्याला नुसतं 'खमीर' म्हणतो.

आतड्यातही हे दोघे शेजारी, पण तिथे कुरबुर फार. बुरशी शंभरात एकही भरत नाही. त्यातली कॅन्डिडा संधीची वाट पाहत असते. जिवाणू ब्युटिरिक आम्लासारखी आम्लं सोडून तिला दाबून ठेवतात. अँटिबायोटिकने जिवाणू मेले, की ती फोफावू शकते, कारण ते औषध बुरशीला लागू पडत नाही. याच कारणासाठी डॉक्टर कधीकधी गोळ्यांच्या जोडीला यीस्टची पुडी देतात. औषध चालू असतानाही ते यीस्ट तग धरतं. आंरी बुलार या फ्रेंच संशोधकाने 1920च्या दशकात ते इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनवरून वेगळं काढलं. खमिरातल्या यीस्टच्याच गोतावळ्यातलं ते.

आता कुणी 'आंबवलेली आहे, पोटाला चांगली' असं सांगून जिलबी पुढे करील. उकळत्या तुपातून खमिरातलं काहीही जिवंत बाहेर येत नाही, तेव्हा त्या निमित्ताने दुसरी प्लेट मागवू नका. जिवंतच हवं असेल, तर होळीच्या सुमारास दिल्लीत काळ्या गाजराची कांजी करतात, ती प्या.