रातंजनकर, श्रीकृष्ण नारायण

(३१ डिसेंबर १८९९ – १४ फेब्रुवारी १९७४). वाग्गेयकार, गायक, संगीतशास्त्रज्ञ आणि हिंदुस्थानी संगीतातले फार मोठे शिक्षक. जन्म मुंबईचा. वडील पोलीस खात्यात असूनही सतारीचे शौकीन. कारवारचे कृष्णभट आणि ग्वाल्हेर घराण्याचे अनंत मनोहर जोशी यांच्याकडे सुरुवातीची तालीम झाली, आणि मग भेटले संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे. पुढे बडोद्यात फैयाजखाँ यांचा गंडा बांधला. भातखंड्यांकडून शास्त्र, फैयाजखाँकडून आग्रा घराण्याची रंगतदार गायकी, असा दुहेरी वारसा फार थोड्यांच्या वाट्याला आला.

भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत महाविद्यालय निघाले. १९२८ पासून रातंजनकर तिथे प्राचार्य होते. वर्गात शिकवून गवई होत नाही, असे त्या काळी ठणकावून सांगितले जाई. त्याला त्यांनी वाद घालून उत्तर दिले नाही. शिष्य उभे केले. कृष्णराव गिंडे लहान वयात लखनौला त्यांच्या घरीच राहायला गेले. एस. सी. आर. भट, चिदानंद नगरकर, दिनकर कायकिणी, सुमती मुटाटकर, व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग हेही त्यांचेच शिष्य. चित्रपट-संगीतकार रोशनही याच कॉलेजात शिकले.

‘सुजान’ या मुद्रेने त्यांनी शेकडो बंदिशी बांधल्या; त्या ‘अभिनव गीतमंजरी’च्या तीन भागांत आहेत. ख्याल, ध्रुपद, तराणे यांच्या जोडीला कर्नाटक संगीतातला वर्णम हा प्रकार हिंदुस्थानी रागांत रचण्याचा खटाटोपही त्यांनी केला. त्यांच्या बंदिशीत मुखड्यापासूनच रागाचे चलन स्पष्ट होते. व्याकरण पाठ करायला नको, चीज नीट बसली की राग हाती येतो. सालगवराळी, मारगबिहाग, रजनीकल्याण हे राग त्यांच्या नावावर आहेत. पंडिताने बांधलेले राग मैफलीत टिकत नाहीत, हा समज सालगवराळीने तरी खोटा पाडला.

केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीने कलावंतांच्या चाचण्या सुरू केल्या. त्या कामाची धुरा रातंजनकरांकडे आली आणि चाचणी द्यावी लागल्यामुळे नामवंतांचा रोषही त्यांनी ओढवून घेतला. परीक्षेवरचा त्यांचा विश्वास इथे जरा जास्तच झाला, असे म्हणायला जागा आहे. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले; खैरागढच्या संगीत विद्यापीठाचे ते कुलगुरूही होते.

मुंबईत त्यांची परंपरा दोन ठिकाणी रुजली. चौपाटीजवळच्या भारतीय विद्या भवनात नगरकरांनी संगीत शिक्षापीठ चालवले; शीवच्या वल्लभ संगीतालयात गिंडे आणि भट यांनी ‘सुजान’च्या बंदिशी पुढच्या पिढीच्या गळ्यात उतरवल्या.