कोकणकड्यावरील इंद्रवज्र

सह्याद्रीच्या रांगेत, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड उभा आहे. त्याच्या कोकणाकडील बाजूस कोकणकडा नावाचा प्रचंड तुटलेला कडा आहे. या कड्यावर दिसलेल्या एका विलक्षण दृश्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३५ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात आढळते.

निबंधाचा लेखक विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकारी. १८२४ पासून त्याच्याकडे दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम होते. हवेचा दाब, उष्णता व पाऊस यांच्या नोंदी करीत तो मुलूखभर हिंडला. त्याने हे दृश्य १८३५ साली पाहिले, असे पुष्कळदा सांगतात. पण ते साल निबंधाच्या प्रकाशनाचे होय. १८३१ सालीच तो मायदेशी परतला होता. म्हणजे ही निरीक्षणे त्यापूर्वीची आहेत.

कोकणातून उठलेले धुके कड्याच्या माथ्याहून किंचित वर चढले होते, पण पठारावर आले नव्हते. साइक्स कड्याच्या काठावर उभा होता. निरभ्र आकाशातील सूर्य त्याच्या पाठीशी, क्षितिजापासून थोडाच वर होता. समोर धुक्यात तेजस्वी रंगांचे पूर्ण वर्तुळ उमटले. त्याचा अर्धा भाग उभ्या जागेच्या वर, अर्धा खाली. आणि मध्यभागी साइक्स, त्याचा घोडा व बरोबरची माणसे यांच्या रेखीव सावल्या!

बरोबरच्या माणसांना त्या आकृती आपल्याच आहेत हे खरे वाटेना. त्यांनी हात उंचावले, पाय हलविले, अंग वाकविले. वर्तुळातील आकृतींनीही तसेच केले, तेव्हा त्यांची खात्री पटली. साइक्सने त्यांच्या भोळ्या समजुतीचा उल्लेख केला आहे. परंतु त्यांनी जे केले त्याला प्रयोग याहून दुसरे नाव नाही.

धुक्यातील सूक्ष्म जलकणांवर पडलेला प्रकाश आल्या दिशेने परत फिरतो, तेव्हा अशी रंगीत वलये दिसतात. म्हणूनच त्यांचा मध्य पाहणाऱ्याच्या मस्तकाच्या सावलीपाशी येतो. शेजारी उभ्या असलेल्या दोघांपैकी प्रत्येकास प्रभावलय दिसते ते आपल्याच मस्तकाभोवती.

पुढे १८९४ साली स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावर सी. टी. आर. विल्सन या तरुण शास्त्रज्ञाने अशीच वलये पाहिली. ती प्रयोगशाळेत निर्माण करावीत म्हणून त्याने कृत्रिम ढग बनविण्यास आरंभ केला. त्यातूनच विद्युत्भारित कणांचे मार्ग दाखविणारे मेघकोष्ठ हे उपकरण सिद्ध झाले आणि १९२७ साली विल्सनला नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

कोकणकड्यावरील माणसांची नावे साइक्सच्या वर्णनात नाहीत. मात्र भय वाटत असतानाही डोळ्यांना दिसले ते पारखून घ्यावे, ही बुद्धी त्यांनाही झाली होती. हरिश्चंद्रगडाच्या इतिहासात साइक्सच्या नावाशेजारी त्यांचीही आठवण राहावी.