परिचारिका ते आमदार

मुंबईच्या इस्पितळांतून नर्सचे काम केलेल्या मावश्या-आत्या आमच्या समाजात घरोघरी आढळतात. म्हणूनच एडी बर्निस जॉन्सन या अमेरिकन नर्सबाईंची हकिकत वाचकांस सांगावी असे आम्हांस वाटले.

बाईंचा जन्म टेक्सासमधील वेको गावी, काळ्या कुटुंबात झाला. वर्णभेदापायी स्वराज्यात मनाजोगते शिक्षण मिळेना, तेव्हा त्या दूर इंडियाना राज्यात शिकल्या व १९५६ मध्ये नर्स होऊन परतल्या. डॅलसच्या माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळाने त्यांना न पाहताच नेमले होते. पाहिल्यावर मात्र राहण्याची खोली नाकारली! त्या रोग्याकडे जाण्याआधी दुसरे कोणी आत जाऊन, 'या बाई शिकलेल्या आहेत बरे का' असे सांगत. रोग्यापुढे असली ओळख निघणे किती बोचत असेल, हे आमच्या नर्सभगिनींना सांगायला नको. बाई तेथेच टिकल्या आणि मनोरुग्ण विभागाच्या मुख्य परिचारिका झाल्या.

केंद्र सरकारच्या नोकरास पक्षाची निवडणूक लढविण्याची मुभा नव्हती. बाईंनी पक्की नोकरी सोडली व १९७२ साली त्या टेक्सासच्या विधानसभेवर निवडून आल्या. तेथे कामगार समितीचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९७७ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी त्यांना आरोग्य खात्यात नेमले; १९८६ साली त्या राज्याच्या सिनेटवर गेल्या. १९९२ साली अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत नर्स. तेथे तीस वर्षे काढून जानेवारी २०२३ मध्ये त्या निवृत्त झाल्या व त्याच वर्षीच्या ३१ डिसेंबरला वारल्या.