उलट्या वाटेने शोध, सरळ वाटेने पुरावा

झाशीचा किल्ला पाहायला आलेला मराठी माणूस हमखास विचारतो, "तात्या टोपे सुमारे २०,००० फौज घेऊन आले, समोर सुमारे १,५०० जण, मग हरले कसे?" बहुतेक उत्तरे शेवटाकडून निघतात: झाशी पडली, म्हणजे ती पडणारच होती. उलटा विचार कुठे चालतो आणि कुठे फसवतो, ते आज गणितातून पाहू.

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास 'लीलावती'त विलोमविधी सांगितला. उत्तराकडून मागे यायचे. गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ. त्याच्या कित्येक शतके आधी अलेक्झांड्रियाच्या पॅपसने दोन वाटा वेगळ्या सांगितल्या होत्या: साध्य खरे धरून मागे जाणे, आणि ज्ञात गोष्टीपासून साध्याकडे येणे.

एक असमानता घ्या. अ आणि ब या धन संख्या. सिद्ध करायचे आहे की त्यांची सरासरी त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमूळापेक्षा लहान नसते. मागे चला. दोन्ही बाजू दुप्पट करा: अ + ब ≥ २√(अब). वर्ग करा, उजवीकडचे ४अब डावीकडे आणा. उरते (अ − ब)चा वर्ग ≥ ०. हे तर उघडच खरे! पण सिद्धता अजून झालेली नाही, फक्त वाट सापडली. आता या शेवटच्या ओळीपासून निघून साध्यापर्यंत या. वर्गमूळ घेताना दोन्ही बाजू धन आहेत, म्हणून ती पायरी परतीलाही चालते.

नसती तर? कोणी म्हणाले, −५ हे ३ पेक्षा मोठे. वर्ग केला: २५ > ९. खरे निघाले! म्हणून मूळ विधान खरे होत नाही. इथे वर्गाची पायरी एकेरी आहे.

फौजेतही असेच. पहाटे ५ला हल्ला करायचा, तर तुकडी किती वाजता निघेल, जेवण केव्हा, हे मागून मोजतो. पण चालायचे पुढेच असते, आणि वाटेतला नाला खरोखर ओलांडता यावा लागतो.

आता १८५८ची झाशी. २१ मार्चला ह्यू रोज शहरासमोर आला. ३१ मार्चला तात्यांची फौज पोहोचली. १ एप्रिलला रोजने वेढा न उठवता बेतवेकडच्या लढाईत तिच्या दोन्ही बगलांवर घोडदळ आणि तोफा घातल्या. पहिली फळी मोडली. ३ एप्रिलला शहरावर हल्ला झाला.

"फौज हरली, म्हणजे तिला लढायचेच नव्हते," हे विधान −५च्या जातीचे. लढण्याची इच्छा नसेल तर फौज हरते, हे मान्य. पण हरलेल्या प्रत्येक फौजेला इच्छा नव्हती, असे होत नाही. एकेरी पायरीवरून उलटे चालून आपण मेलेल्या माणसांवर भ्याडपणाचा शिक्का मारतो. त्यांचा न्याय करायचा तर ३१ मार्चच्या संध्याकाळपासून पुढे चालावे लागेल: तेव्हा कोणाला काय ठाऊक होते, कोणाच्या हाती काय होते.

घरी एक करून पाहा: कोणतीही धन संख्या आणि तिचा व्यस्त यांची बेरीज २ पेक्षा कमी नसते. आधी मागून शोधा, मग पुढून लिहा. जय हिंद.